ॲपलाचियात गावासाठी पुढे कोण आलं? जे कोणाचे मिंधे नव्हते ते

मीरा_डोंगरपल्याड

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सी, बे एरिया, शिकागो यांवर इथे भरपूर लिहून झालंय. डोंगरातल्या अमेरिकेवर, म्हणजे ॲपलाचियन पर्वतरांगेतल्या कोळशाच्या मुलखावर, मात्र फारसं काही दिसत नाही, म्हणून हा धागा.

मी व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य टोकाला, वाइज काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) राहते. नवरा फुप्फुसांचा डॉक्टर आहे. या भागात डॉक्टर टिकत नाहीत, म्हणून ॲपलाचियन रीजनल कमिशन ही सरकारी संस्था परदेशी डॉक्टरांना जे-१ व्हिसाची मायदेशी परतण्याची अट माफ करण्यासाठी शिफारस करतं. बदल्यात तीन वर्षं इथे काम करायचं. आपल्याकडची बरीच डॉक्टर मंडळी याच वाटेनं या डोंगरात आली आणि काही कायमची राहिली.

इथे आल्यापासून मी एक गोष्ट शोधत आले आहे. ज्या गावांत रस्ता, पाणी, दवाखाना, शाळेतलं जेवण यांसाठी कोणीतरी उभं राहिलं, तिथे ते कोण होतं? शिकलेलं की अडाणी, गावातलं की बाहेरचं, बाई की पुरुष? पुष्कळ वाचलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलले. माझं मत असं झालंय की शिक्षण, जात-धर्म, घराणं यांपेक्षा एक गोष्ट जास्त मोजली गेली: त्या माणसाची भाकरी कोणाच्या हातात होती.

कोळशाच्या वसाहती कशा होत्या ते आधी सांगते. घर कंपनीचं. दुकान कंपनीचं. पगाराचा बराच भाग कंपनीच्याच नाण्यांत, ज्यांना स्क्रिप म्हणत, आणि ती चालायची कंपनीच्याच दुकानात. डॉक्टरचे पैसे पगारातून कापून घ्यायचे. कुठे कुठे चर्चसुद्धा कंपनीनं बांधलेलं. नोकरी गेली की त्याच आठवड्यात घर रिकामं करायचं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे तिथे कोणाला शिकवावं लागत नव्हतं. पुढे यंत्रं आली, खाणीतले हात कमी झाले आणि कित्येक काउंट्यांत सर्वांत मोठी नोकरी देणारी म्हणून शाळेची समिती उरली. शिक्षक, बसचालक, स्वयंपाकीण, शिपाई, सगळ्यांच्या नेमणुका त्यांच्या हातात. सभेत वाकडा प्रश्न विचारलात तर पुतण्याची बसवरची नोकरी धोक्यात.

अशा ठिकाणी बोलणार कोण? ज्याला काढून टाकता येत नाही तो.

१९६५ च्या नोव्हेंबरात केंटकीच्या नॉट काउंटीत ऑली कोम्ब्स ही साठी ओलांडलेली विधवा आपल्या घरामागच्या उतारावर बुलडोझरपुढे जाऊन बसली. तिच्या सासरच्यांच्या पिढीनं, किंवा त्याआधीच्या कोणी, 'ब्रॉड फॉर्म डीड' नावाच्या कागदावर सही किंवा अंगठा दिला होता. त्या कागदानं जमिनीखालचं सगळं कंपनीचं झालं आणि ते काढायला वरची जमीन कशीही उकरायचा हक्कही कंपनीला मिळाला. एकरी अर्ध्या डॉलरला असे सौदे झाले होते. पोलिसांनी बाईंना हातपाय धरून उचलून नेलं. तो फोटो देशभर गेला. थँक्सगिव्हिंगचं जेवण त्यांनी तुरुंगात केलं. त्या डीडचं कंबरडं केंटकीच्या मतदारांनी १९८८ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून मोडलं.

आता युला हॉल. या बाईंबद्दल मी कितीही लिहू शकेन.

जन्म १९२७, पाइक काउंटीतलं ग्रीझी क्रीक. शाळा आठवीपर्यंत. मग खाणकामगारांच्या घरी वरकामाला: स्वयंपाक, धुणी, बाळंतपणं. लग्न झालं ते मारणाऱ्या नवऱ्याशी. फ्लॉइड काउंटीतल्या मड क्रीकच्या दरीत संसार. आसपास बायका दवाखान्याशिवाय बाळंत होत होत्या, खाणीतून आलेले पुरुष धाप लागून बाजेवर पडून होते. दवाखाना दूर, आणि पैसे नसले की दारातूनच परत. १९६० च्या दशकात सरकारची गरिबीविरोधी मोहीम आली, तिच्यात स्वयंसेवक म्हणून बाई शिरल्या आणि कायदे वाचायला शिकल्या. शाळेत गरीब मुलांना फुकट जेवण देण्याची तरतूद आहे आणि समिती ते देत नाही, हे त्यांनी समितीसमोर उभं राहून सांगितलं. गरिबांच्या सरकारी मदतीच्या हक्कांसाठी लढणाऱ्या वेल्फेअर राइट्स संघटनेच्या त्या अध्यक्ष झाल्या.

१९७३ साली १,४०० डॉलरच्या देणगीवर मड क्रीक क्लिनिक सुरू केलं, भाड्याच्या घरात. जागा पुरेना तेव्हा दवाखाना स्वतःच्या घरात आणला आणि आपण ट्रेलरमध्ये राहायला गेल्या. १९८२ मध्ये दवाखाना जळाला. आग लावली असा संशय होता. दुसऱ्या दिवशी आवारातल्या सहलीच्या लाकडी टेबलावर डॉक्टर रोगी तपासत होते आणि टेलिफोनवाल्यांकडून झाडाला फोन लावून घेतला होता. म्हणजे औषधांच्या चौकशीचे फोन आले की बाई झाडाजवळ जाऊन ते घ्यायच्या. नव्या इमारतीसाठी ॲपलाचियन कमिशननं पैसे कबूल केले, अट अशी की गावानं ८०,००० डॉलर आपले घालावेत. रजयांच्या सोडती झाल्या, कोंबडीच्या जेवणावळी झाल्या, रस्त्यात डबे घेऊन उभं राहून वर्गणी गोळा झाली. गावानं आपला वाटा भरला आणि इमारत उभी राहिली. शिवाय विहिरींचं पाणी खराब निघालं तेव्हा नळयोजनेसाठी जल-जिल्ह्याचं (म्हणजे पाणीपुरवठा मंडळाचं) कामही बाईंनीच हाती घेतलं होतं.

नव्वदी ओलांडेपर्यंत त्या क्लिनिकमध्ये बसत, लोकांचे अपंगत्वाचे आणि ब्लॅक लंगचे (कोळशाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराचे) दावे लढवत. वकिलीची पदवी नव्हती, पण या दाव्यांत बिगर-वकिलाला बाजू मांडता येते. मे २०२१ मध्ये गेल्या. गावातला रस्ता त्यांच्या नावाचा आहे.

त्यांना ना कंपनी काढू शकत होती, ना शाळा समिती. मारणारा नवरा सोसून झाल्यावर अधिकाऱ्याची भीती काय वाटणार, असंही असेल.

तुम्हाला काय वाटतं? टेनेसी, वेस्ट व्हर्जिनियाकडचे कोणी असतील तर जरूर लिहा.

---

शेखर_कराडकर

मीराताई, सुंदर धागा. युला हॉल हे नाव प्रथमच ऐकलं.

पण मग शिकून बाहेरून आलेल्या लोकांचं काय? मी वाचलेल्या प्रत्येक लेखात एखादी उच्चशिक्षित बाई शहरातून येते आणि डोंगरात शाळा काढते. त्यांना तुमच्या हिशेबात कुठे बसवायचं?

---

मीरा_डोंगरपल्याड

शेखर, रास्त प्रश्न. त्या बायकाही कोणाच्या मिंध्या नव्हत्या, फक्त कारण वेगळं. घरचा पैसा नाहीतर चर्चचा आधार पाठीशी होता.

मेरी ब्रेकिन्रिज घ्या. आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष. स्वतःची दोन्ही मुलं लहानपणी गेली. नर्स झाल्या, इंग्लंडमध्ये सुईणीचं रीतसर शिक्षण घेतलं, स्कॉटलंडच्या बेटांवर विखुरलेल्या वस्तीत नर्सिंग कसं चालतं ते पाहून आल्या आणि १९२५ साली केंटकीच्या लेस्ली काउंटीत काम सुरू केलं. तेच पुढे फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस झालं. घोड्यावरून ओढे ओलांडत जाणाऱ्या नर्स-सुईणी. काम अफाट. पण सुरुवातीच्या नर्सेस बहुतेक बाहेरच्या, मदतनीस मुली पूर्वेकडच्या श्रीमंत घरांतल्या, आणि गावच्या जुन्या सुईणी बाजूला पडल्या. हे मला टोचतं.

याच्या उलट १९१३ मधली पाइन माउंटन सेटलमेंट स्कूल. शाळा काढणाऱ्या कॅथरिन पेटिट आणि एथेल डी लाँग बाहेरच्या, पण जमीन दिली विल्यम क्रीच या तिथल्याच शेतकऱ्यानं, आणि शाळा हवी हा हट्टही त्याचाच. त्यामुळे त्या शाळेत गावाचा शब्द पहिल्या दिवसापासून होता.

माझ्या काउंटीजवळचं उदाहरण मला सर्वांत आवडतं. सिस्टर बर्नी केनी, मॅसॅच्युसेट्सच्या कॅथलिक नन. १९८० साली फोक्सवॅगन बीटलमध्ये औषधं टाकून दऱ्याखोऱ्यांत फिरायला लागल्या. त्यातून हेल्थ वॅगन झालं. आज ते चालवते इथलीच मुलगी, इथल्याच मातीत वाढलेली नर्स टेरेसा टायसन. बाहेरच्या माणसानं जागा गावाच्या हाती दिली, हे फार थोड्या ठिकाणी झालंय.

---

गोदाकाठचा_प्रवासी

वाचतोय. एक शंका. मी आयुष्यभर कामगार संघटनेत काम केलं, त्यामुळे तुमचा सिद्धान्त मला पूर्ण पटत नाही. नोकरीत असलेला कामगार बोलतच नाही असं म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. खाणकामगारांचे संप काय आभाळातून पडले? संघटित माणूस एकट्या माणसासारखा मिंधा नसतो.

---

मीरा_डोंगरपल्याड

काका, तुमचं बरोबर आहे आणि याचं उत्तर इतिहासातच आहे. २० नोव्हेंबर १९६८ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला, ७८ माणसं गेली. त्यानंतर फेब्रुवारी १९६९ मध्ये सुमारे ४०,००० खाणकामगार काम सोडून बाहेर पडले, मागणी ब्लॅक लंगची भरपाई. ते नोकरीवरचेच लोक होते, आणि स्वतःच्या युनियनचे वरचे नेते त्यांच्या बाजूनं नव्हते. गावोगाव सभा घेत फिरले ते तीन डॉक्टर: बफ, रासमुसेन आणि वेल्स. त्याच वर्षी केंद्राचा खाण सुरक्षा कायदा झाला.

पण त्या लाटेतून नेता म्हणून वर कोण आलं ते पाहा. आर्नोल्ड मिलर. केबिन क्रीकचा खाणकामगार, नॉर्मंडीच्या लढाईत चेहऱ्याला जखमा झालेला, ब्लॅक लंगमुळे काम सुटलेला. १९७२ साली तो युनियनचा अध्यक्ष झाला. संख्याबळ कामावरच्या माणसांचं, चेहरा आजारपणानं घरी बसलेल्या माणसाचा. दोन्ही लागलं.

तेव्हा सिद्धान्त जरा सैल करते: एकट्यानं बोलायचं तर कोणाचं मिंधेपण नको, समूहानं बोलायचं तर समूह पक्का हवा.

---

टेनेसीतला_विद्यार्थी

मीराताई, गोदाकाका, दोघांनाही +१. मी नॉक्सव्हिलला आहे. इथून जवळच न्यू मार्केटला हायलँडर सेंटर आहे, चळवळीतल्या प्रौढांची शाळा. ताईंच्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा मला तिथे सापडतो.

हायलँडर १९३२ साली ग्रंडी काउंटीत मायल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी काढलं. दोघांची पार्श्वभूमी बघा. वेस्ट उत्तर जॉर्जियातल्या डोंगरातला. हॉर्टन पश्चिम टेनेसीचा. आईवडील शिक्षक होते, पण शिक्षकांसाठी पदव्यांच्या अटी वाढल्या आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या, मग मिळेल ते काम. हॉर्टन न्यूयॉर्कला धर्मशास्त्र शिकला, शिकागोला समाजशास्त्र, डेन्मार्कला जाऊन तिथल्या लोकशाळा पाहिल्या. पण त्याचा खरा धडा १९२७ चा, ओझोन नावाच्या खेड्यातला. उन्हाळी बायबल शाळा चालवायला गेला होता. संध्याकाळी गावकऱ्यांना बोलावलं आणि त्यांना कळलं की आपल्या अडचणींची उत्तरं आपल्यातल्याच कोणाकोणाला माहीत आहेत. पुढची सगळी शाळा त्यावर उभी आहे: तज्ज्ञ बोलावू नका, लोकांना एकमेकांसमोर बसवा.

आता पुरावा. १९५० च्या दशकात हायलँडर काळ्या लोकांच्या मतदार नोंदणीसाठी साक्षरतेचे वर्ग सुरू करत होतं. पहिला वर्ग दक्षिण कॅरोलिनाच्या जॉन्स बेटावर, १९५७ च्या जानेवारीत. शिक्षिका म्हणून निवड बर्निस रॉबिन्सनची, जी ब्यूटी पार्लर चालवायची. शिक्षिका का नाही निवडली? कारण काळ्या शिक्षकांचा पगार गोऱ्यांच्या समितीकडून यायचा. त्याच कामातली सेप्टिमा क्लार्क अनुभवी शिक्षिका, आणि नागरी हक्क संघटनेची सदस्य असल्याच्या कारणावरून तिची नोकरी १९५६ मध्ये गेलीच होती. पार्लरवालीची गिऱ्हाइकं सगळी काळी, तिला कोण काढणार? हायलँडरनं पार्लर चालवणाऱ्या बायकांसाठी वेगळ्या कार्यशाळासुद्धा घेतल्या. म्हणजे मीराताई जे आज म्हणताहेत ते हॉर्टननं हिशेब करून वापरलं होतं.

१९६१ मध्ये टेनेसी सरकारनं संस्थेची सनद रद्द केली. हॉर्टननं नव्या नावानं नोंदणी करून काम चालू ठेवलं.

---

सुनीता_ओक_पुणे

किती नवं कळतंय! अवांतर: आपण शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणायचो, त्याचं मूळ गाणं याच हायलँडरमधून पसरलं ना?

---

टेनेसीतला_विद्यार्थी

हो सुनीताताई. चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यात संपावर असलेल्या काळ्या बायकांनी ते १९४० च्या दशकात हायलँडरला आणलं. हॉर्टनची बायको झिल्फिया हिनं ते तिथे सगळ्यांना शिकवलं आणि पुढे ते चळवळीचं झालं.

भारताशी आणखी थेट धागा आहे, आणि तो जास्त दुखरा आहे. वेस्ट व्हर्जिनियात इन्स्टिट्यूट नावाचं, मुख्यतः काळ्या लोकांचं गाव आहे. तिथे युनियन कार्बाइडचा कारखाना भोपाळमध्ये गळालेला तोच वायू, एमआयसी, बनवायचा. भोपाळनंतर आठ महिन्यांनी, ऑगस्ट १९८५ मध्ये, तिथेही दुसऱ्या एका रसायनाची गळती झाली, शंभराहून जास्त लोक दवाखान्यात गेले. त्याच वर्षी हायलँडर आणि दिल्लीची 'प्रिया' ही संस्था यांनी मिळून भोपाळवर अहवाल काढला. खाणीच्या दरीतल्या लोकांना भोपाळ परकं वाटलं नाही: दूरची कंपनी, जवळची माणसं, आणि कारखान्यात नेमकं काय आहे हे कोणी न सांगणं.

---

वंदना_ग्रामविकास

मी सातारा भागात महिला बचत गटांबरोबर काम करते, म्हणून विचारते. या बायकांना कोणी 'तयार' केलं का, की त्या आपोआप तयार झाल्या? प्रशिक्षणाचा काही वाटा?

---

मीरा_डोंगरपल्याड

वंदनाताई, वाटा आहे, पण पुस्तकी प्रशिक्षणाचा कमी. दोन गोष्टी सांगते.

पहिली, कोर्टातली दप्तरं. केंटकी-टेनेसी सीमेवरच्या क्लिअर फोर्क खोऱ्यात हजारो एकर जमीन लंडनच्या एका कंपनीची होती. जॉन गॅव्हेंटा या तरुणानं तिथे अभ्यास केला, की इतका अन्याय होऊनही लोक गप्प का. पुढे हायलँडर आणि काही विद्यापीठांच्या मदतीनं सहा राज्यांतल्या ८० काउंट्यांची जमीन तपासली गेली, अहवाल १९८१ चा. ते काम केवळ प्राध्यापकांनी केलं नाही. गावातल्या लोकांनी कोर्टात बसून करांच्या वह्या आणि खरेदीखतं उतरवून काढली. ज्या बाईनं आयुष्यात कोर्टाची पायरी भीतभीत चढली, तिला कळलं की आपल्या काउंटीतली निम्म्याहून जास्त जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तो किती कमी कर भरतो. त्यानंतर तिला कोणी गप्प बसवू शकत नाही.

त्याच खोऱ्यात मरी सिरिलो होत्या. ब्रुकलिनच्या. ग्लेनमरी संघाच्या नन होत्या, १९६७ साली अनेक जणींनी मिळून संघ सोडला आणि साध्या बाया म्हणून डोंगरात राहिल्या. बाई पुढे कित्येक दशकं क्लेअरफिल्डला राहिल्या. जमीन कंपनीची म्हणून घर बांधता येत नाही, यावर त्यांनी गावकऱ्यांबरोबर सामायिक जमिनीचा ट्रस्ट उभा केला.

दुसरी गोष्ट आयव्हनहो, व्हर्जिनिया. तिथला नॅशनल कार्बाइडचा कारखाना १९६६ मध्ये गेला, जस्ताची खाण १९८१ मध्ये. १९८६ साली काउंटीनं गावची औद्योगिक जमीन विकायला काढली. तेव्हा उभी राहिली मॅक्सिन वॉलर, खाणकामगाराची मुलगी, घर सांभाळणारी बाई. तिनं सिव्हिक लीग ही गावकऱ्यांची संघटना काढली. हेलन लुईस या समाजशास्त्रज्ञ तिच्या सोबतीला होत्या. वॉलर कारखाना आणायला निघाली होती. तो आला नाही. पण त्या प्रवासात गावानं आपला इतिहास लिहिला, प्रौढांचे वर्ग चालवले, बायका कॉलेजात गेल्या. लुईसबाईंनी नंतर मोकळेपणानं मांडलं की एकाच माणसावर सगळा भार आला की गावात ताण येतो. तुमच्या बचत गटांत हे दिसतच असेल.

---

वंदना_ग्रामविकास

दिसतं. अध्यक्षबाई आजारी पडल्या की गट थांबतो. धन्यवाद ताई.

---

शेखर_कराडकर

आणि वर्तमानपत्रवाले? तेही जाहिरातींचे मिंधेच की.

---

मीरा_डोंगरपल्याड

शेखर, बरं काढलंस. केंटकीतल्या व्हाइट्सबर्गचं टॉम आणि पॅट गिश हे जोडपं. टॉम कोळसा कंपनीच्या वसाहतीत जन्मलेला, वृत्तसंस्थेत नोकरी करून परत आला आणि १९५० च्या दशकात दोघांनी 'माउंटन ईगल' विकत घेतलं. शाळा समितीच्या सभा जशाच्या तशा छापायला लागले. समितीनं सभेत बंदी घातली, जाहिराती बंद झाल्या. १९७४ साली कार्यालय जाळलं. पेपराच्या नावाखाली 'तो किंचाळतो' (तो म्हणजे ईगल, गरुड) असं ब्रीद होतं. आगीनंतर 'तो अजूनही किंचाळतो' असं छापून अंक काढला. जाहिरातींचं नुकसान सोसून ते टिकले, म्हणजे मिंधेपण ठरवून झुगारताही येतं. माझ्या नियमाला हा अपवाद आहे आणि तो मला फार प्रिय आहे.

---

गोदाकाठचा_प्रवासी

आता हे सांगा, आजची पिढी काय करतेय? कोळसा तर संपत आला.

---

मीरा_डोंगरपल्याड

काका, कोळसा संपतोय पण फुप्फुसं अजून भरताहेत. नैर्ऋत्य व्हर्जिनियातल्या तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात ब्लॅक लंगच्या सर्वांत वाईट प्रकाराचे ४१६ रुग्ण नोंदले गेले. दगड फोडून पातळ थर काढावे लागतात, सिलिकाची धूळ जास्त. नवऱ्याकडे येतात त्यांत पन्नाशीच्या आतलेही असतात. मी काही जणांना दाव्याचे कागद भरायला मदत करते. सगळ्यात वेळ जातो तो नोकरीच्या इतिहासाच्या रकान्यात. ज्या कंपनीत शेवटी किमान वर्षभर काम केलं तिच्यावर जबाबदारी येते, आणि माणूस सांगतो, "ती खाण तीच, माणसं तीच, पण पाटीवरचं नाव दर काही महिन्यांनी बदलायचं." जुन्या पगारपट्ट्या बुटांच्या खोक्यात घेऊन येतात. शेजारी बायको बसलेली असते आणि तारखा तिला पाठ असतात. दाव्याच्या सभेत पुढे बोलतात त्याही बहुतेक वेळा या बायकाच.

नव्या पिढीत वेस्ट व्हर्जिनियाचा ब्रँडन डेनिसन मला महत्त्वाचा वाटतो. तिथलाच मुलगा, चर्चच्या सेवाकार्यात मिंगो काउंटीत काम करताना कंबरेला हत्यारांचे पट्टे बांधलेली दोन पोरं काम मागत आली, तिथून त्याला सुचलं. २०१० च्या सुमारास कोलफील्ड डेव्हलपमेंट सुरू केलं. आठवड्याचे ३३ तास पगारी काम, ६ तास कॉलेजचं शिक्षण, ३ तास जगण्याची कौशल्यं. पडक्या इमारती दुरुस्त करणं, सौर ऊर्जा, शेती. मला त्यात डेनिसनपेक्षा त्या ३३ तासांचा पगार घेणारी पोरं जास्त खुणावतात. त्यांचा पगार ना खाणमालकाचा ना शाळा समितीचा. मात्र तो अनुदानांवर बराच अवलंबून आहे, आणि अनुदान देणाऱ्याचंही मिंधेपण असतं. ती पोरं चाळिशीला येतील तेव्हा काउंटीच्या सभेत कोण उभं राहतं ते बघायचंय.

---

टेनेसीतला_विद्यार्थी

ताई, काळ्या खाणकामगारांच्या वसाहती यात फारशा आल्या नाहीत. हार्लन काउंटीतल्या लिंच गावावर लिहाल का?

---

मीरा_डोंगरपल्याड

लिहिते. ते गाव पोलाद कंपनीच्या खाणीसाठी १९१७ मध्ये वसवलेलं, आणि तिथून बाहेर पडलेली कुटुंबं अजून ईस्टर्न केंटकी सोशल क्लबच्या मेळाव्यांना देशभरातून जमतात. या धाग्यात कोंबण्यापेक्षा त्यावर वेगळा धागा काढते. तुझ्याकडे हायलँडरच्या वाचनालयातलं काही असेल तर व्यनि कर.